राखून ठेवलेल्या तासाचे पैसे

पत्र

मी गुहागर तालुक्यात राहते. गणितात एम.एस्सी. केलं आहे. २०२०च्या लॉकडाउनमध्ये मुंबईच्या भाचीला मोबाइलवर गणित शिकवायला लागले. तिच्या मैत्रिणी आल्या, मैत्रिणींच्या ओळखीतली मुलं आली, आणि आज आठवी ते दहावीची १२ मुलं माझ्याकडे ऑनलाइन शिकतात. प्रत्येकाचा आठवड्यातून एक तास, एकेकट्याचा. तासाला ४०० रुपये. मुलं मुंबई, ठाणे, पुण्याची. एक मुलगी न्यू जर्सीला, एक मुलगा खाडीपलीकडे दाभोळला. दोन मुलं माझ्या चुलत नणंदेची, डोंबिवलीची.

अडचण अशी की मुलं तास बुडवतात. वाढदिवस, मॅच, पाहुणे, कंटाळा. निरोप येतो तो पाच मिनिटं आधी, कधी येतच नाही. मी वही उघडून स्क्रीनसमोर बसलेली असते. महिनाअखेरीस पालक झालेले तास मोजून तेवढेच पैसे पाठवतात. गेल्या महिन्यात ४८ तासांपैकी ३६ झाले. एका आईला विचारलं, तर म्हणाल्या, "शिकवलंच नाही, तर पैसे कसले?" नणंद म्हणते, "वहिनी, घरचंच आहे." सासूबाई म्हणतात, तास नाही झाला तर बरंच, तेवढी कामं उरकतात. आमच्याकडे पावसात वीज जाते, रेंज जाते, तेव्हा तास माझ्याकडूनही बुडतो. मग मी कोणत्या तोंडाने मागू? एका घराकडून तर झालेल्या तासांचेही ३२०० रुपये येणं आहे. न झालेल्या तासाचे पैसे मागणं बरोबर आहे का?

— एक शिक्षिका


उत्तर

प्रिय ताई,

बरोबर आहे. मागा, आणि संकोच न ठेवता मागा. पण कशाचे मागायचे, केव्हापासून मागायचे आणि कुणाला सवलत द्यायची हे ठरवलं नाही, तर हाच वाद पुढच्या महिन्यात दुसऱ्या घरातून येईल. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तुमचाच हिशेब मांडू. ४८ तास तुम्ही मोकळे ठेवलेत, ३६ झाले, हातात आले १४,४०० रुपये. म्हणजे मोकळ्या ठेवलेल्या प्रत्येक तासाला ३०० पडले. त्यात तयारी धरा. गणिताच्या एका तासामागे उदाहरणं निवडणं, मुलांनी पाठवलेले वहीचे फोटो तपासणं, चुका कुठे होतात ते टिपून ठेवणं यात सहज अर्धा तास जातो. मुलगा येणार नाही हे पाच मिनिटं आधी कळतं तेव्हा ही तयारी होऊन गेलेली असते. ४८ तास शिकवणीचे आणि २४ तास तयारीचे मिळून ७२ तास झाले. १४,४०० भागिले ७२ म्हणजे २००. तुमचा दर ४०० रुपये आहे असं तुम्हालाही वाटतं आणि पालकांनाही वाटतं. प्रत्यक्षात तुम्ही निम्म्या दराने काम करता आहात. हा आकडा कुणाला पाठवू नका, पण स्वतःला पक्का माहीत असू द्या. पैसे मागताना आवाज खाली जातो तो बहुतेकदा हा हिशेब केलेला नसल्यामुळे.

आता त्या आईचं म्हणणं. "शिकवलंच नाही, तर पैसे कसले?" हा प्रश्न खोडसाळ नाही, त्यांच्या बाजूने तो सरळच आहे. आपण भाजी घेतली नाही तर भाजीवाल्याला पैसे देत नाही. पण भाजीवाला ती जुडी दुसऱ्याला विकतो. बुधवारी संध्याकाळी सहा ते सातचा तुमचा तास पाच वाजून पंचावन्न मिनिटांनी कुणाला विकणार? खरा मुद्दा तिथे आहे. पूर्वी गावात शिकवणी चालायची ती दहा-पंधरा मुलांची, पडवीत सतरंजी टाकून. महिन्याची फी ठरलेली. एक मुलगा दोन दिवस आला नाही तरी बाईंचं काही अडत नसे आणि पालकही पैसे कापत नसत. ऑनलाइन शिकवणीत दोन गोष्टी एकदम बदलल्या. मूल एकटं झालं, त्यामुळे ते आलं नाही की अख्खा तासच जातो. आणि फी तासावर मोजली जायला लागली, त्यामुळे तो गेलेला तास कापणं पालकांना सोपं झालं. नुकसान वाढलं आणि ते सगळं शिकवणाऱ्याच्या अंगावर आलं. कुणी मुद्दाम तुम्हाला लुबाडत नाही, फी मोजण्याची रीतच तुमच्या विरुद्ध आहे. ती रीत बदलायला हवी.

तुमच्या भागातल्या लोकांना हे समजवायला आंब्याच्या बागेचं उदाहरण पुरेल. बाग हंगामासाठी कराराने दिली की रक्कम झाडांची आणि हंगामाची ठरते. घेणाऱ्याने एखाद्या झाडावरचा आंबा उतरवलाच नाही, म्हणून बागायतदाराचे पैसे कापले जात नाहीत, कारण त्या हंगामात ते झाड बागायतदाराला दुसऱ्या कुणाला देता येत नव्हतं. तुमचा तासही असाच एका मुलाच्या नावावर दिलेला आहे.

म्हणून माझा सल्ला असा, की तासाचा हिशेब बंद करा आणि वर्षाचा सुरू करा. वर्षाचे ५२ आठवडे. मे महिना मुलं सुट्टीवर असतात आणि तुमच्याकडे आंब्याफणसाची गडबड असते, तो सोडा, ४ आठवडे गेले. गणपतीचे २ सोडा. दिवाळीचा १, शिमग्याचा १. उरले ४४. ४४ तास गुणिले ४०० म्हणजे १७,६००, आणि ते जून ते एप्रिल या ११ महिन्यांत वाटले की महिन्याला १६०० रुपये. पालकांना रक्कम नवी वाटणार नाही, आजही चार तासांचे १६००च होतात. फरक एवढाच की ती दर महिन्याला तेवढीच राहील. एखाद्या महिन्यात पाच शनिवार आले तरी १६००, गणपतीच्या महिन्यात दोनच तास झाले तरी १६००. सुट्ट्यांचं वेळापत्रक जूनमध्येच पाठवून द्या, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात कुणी "गणपतीचे तास कापा" म्हणणार नाही. ते आधीच वगळलेले आहेत हे कागदावर दिसेल.

गणपतीचे दोन आठवडे मी मुद्दाम धरले आहेत. त्या दिवसांत तुमच्या घरात सोवळं-ओवळं, आरत्या, पाहुणे. तुमची मुंबईची निम्मी मुलं स्वतःच चाकरमान्यांच्या गर्दीत कोकणात आलेली असतात, आणि गावात एवढे मोबाइल एकदम आले की रेंजचेही हाल होतात. त्या आठवड्यात तास ठेवून तो बुडवण्यापेक्षा न ठेवणं चांगलं. शिमग्याचंही तेच. पालखी दारात येणार असेल त्या दिवशी तुम्ही त्रिकोणमिती शिकवणार नाही, आणि शिकवूही नये.

दर वाढवून हा प्रश्न सोडवावा असं काहीजण सुचवतील. तासाला ५३० च्या आसपास घ्या, बुडालेले तास त्यातून भरून निघतील. गणित जुळतं, पण मला ते पटत नाही. कारण मग जो मुलगा दर आठवड्याला वेळेवर येतो, तो न येणाऱ्याचं नुकसान भरतो. तुमच्या १२ पैकी बहुधा तीन-चारच घरं सारखे तास बुडवतात. त्यांच्यामुळे बाकीच्यांची फी वाढणं हा त्या बाकीच्यांवर अन्याय आहे.

महिन्याची फी ठरली तरी बुडालेल्या तासाचं काय, हा प्रश्न उरतोच. आदल्या दिवशी त्याच वेळेपर्यंत, म्हणजे २४ तास आधी कळवलं, तर तास बदलून मिळेल. त्यानंतर कळवलं तर तास झाला असं धरलं जाईल. इतकं सरळ ठेवा. अर्धी फी घ्यावी असाही एक मधला मार्ग लोक काढतात. माझ्या मते तो मार्ग वाईट आहे. अर्ध्यावर आलेला नियम दर वेळी पाववर येतो, आणि महिनाअखेरीस तुम्ही पुन्हा त्याच घासाघिशीत अडकता.

बदलून मिळणारा तास मात्र पालक सांगतील तेव्हा देऊ नका. तसं केलं तर तुमचा आठवडा फाटून जाईल. महिन्यातले दोन रविवार, सकाळी नऊ ते साडेदहा, भरपाईचा तास म्हणून राखून ठेवा. ज्यांनी वेळेत कळवलं ती सगळी मुलं त्या वेळी एकत्र येतील. नववी-दहावीची दोन-तीन मुलं एका पडद्यावर बसली तर बिघडत नाही, उलट उदाहरणं सोडवण्यात चुरस येते. आठवीतलं मूल त्यात असेल तर त्याला वेगळी उदाहरणं द्या. या रविवारीही कुणी आलं नाही, तर तो तास तिथेच संपला, पुढच्या महिन्यात जाणार नाही.

आजारपणाला यातून सूट हवी. ताप विचारून येत नाही. प्रत्येक मुलाला वर्षाला दोन तास अशा अडचणीसाठी ठेवा. पाच मिनिटं आधी कळवलं तरी ते तास भरून मिळतील, आणि डॉक्टरांची चिठ्ठी वगैरे मागू नका. घरात कुणी गेलं, मूल दवाखान्यात आहे, अशा वेळी तर दोनाचा हिशेबही बाजूला ठेवावा. नियम ठरलेला असला की असा अपवाद मोकळ्या मनाने करता येतो. आज तुमच्याकडे नियमच नाही, म्हणून मॅचला गेलेला मुलगा आणि तापाने फणफणलेला मुलगा दोघांनाही सारखीच माफी मिळते आहे.

मूल आलं नाही तर पंधरा मिनिटं थांबा, पालकांना एक फोन करा, आणि मग उरलेला वेळ त्याच मुलाच्या कामाला द्या. त्याची मागची वही तपासा, पाच उदाहरणं काढून पाठवा, कुठे चुकतंय ते दोन ओळींत लिहा. पैसे घेतलेत तर त्या घरात काहीतरी पोचलं पाहिजे. "शिकवलंच नाही" म्हणणाऱ्या आईला त्या दोन ओळी बऱ्यापैकी उत्तर देतील. आणि सासूबाईंना प्रेमाने पण स्पष्ट सांगा, की मूल आलं नाही तरी तो तास कामाचाच आहे. घरी बसून केलेलं काम लोकांना दिसत नाही. बाईने केलेलं तर त्याहून दिसत नाही. ते दिसावं यासाठी दार लावून बसायची वेळ आली तर बसा.

आता तुमच्या बाजूची जबाबदारी, आणि यात मी तुम्हाला सवलत देणार नाही. मुलगा न सांगता राहिला तर तास त्याचा गेला. तशीच तुमच्याकडची वीज गेली तर तास तुमचा गेला. वीज जाणं हा तुमचा दोष नाही हे मान्य. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर आणि मे २०२१मध्ये तौक्ते किनाऱ्यालगतून गेलं त्यानंतर किती गावं किती दिवस अंधारात होती, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. पण डोंबिवलीच्या पालकानेही ती वीज घालवलेली नाही. तुमच्याकडून बुडालेला तास मुलाच्या सोयीने भरून द्या, रविवारच्या भरपाईत ढकलू नका. महिन्याभरात भरून देणं जमलं नाही, तर पुढच्या फीतून ४०० रुपये न विचारता वजा करा. दोन्ही बाजूंना सारखा नियम लावलात की "कोणत्या तोंडाने मागू" हा प्रश्नच राहत नाही.

पावसाळ्याची तयारी आधी करा. राउटरला लावायची छोटी बॅटरी मिळते, ती वीज गेल्यावर काही तास राउटर चालू ठेवते. दुसऱ्या कंपनीचं एक सिम मोबाइलमध्ये असू द्या, एकाची रेंज गेली तर दुसऱ्याची असण्याची शक्यता असते. जून ते सप्टेंबर प्रत्येक मुलाला आठवड्याची उदाहरणं आदल्या दिवशीच पाठवून ठेवा, म्हणजे व्हिडिओ तुटला तरी साध्या फोनवर बोलून तास पुरा करता येतो. गणितात हे जमतं. मूल वही पुढे ठेवून पायऱ्या वाचून दाखवतं आणि तुम्ही थांबवून विचारता. आणि मोठं वादळ येऊन आठवडाभर सगळं बंद पडलं, तर ते तास कुणाच्याच नावावर न धरता मेमध्ये भरून द्यायचे, असं आधीच लिहून टाका.

न्यू जर्सीच्या मुलीबद्दल एक वेगळी गोष्ट बघा. तिथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. उन्हाळ्यात आपण त्यांच्यापेक्षा साडेनऊ तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेदहा. समजा तुमचा तास शनिवारी संध्याकाळी साडेसातला आहे, म्हणजे तिकडे सकाळी दहाला. नोव्हेंबरात घड्याळ बदललं आणि ते कुटुंब आपल्या दहा वाजताच बसलं, तर तुमच्याकडे साडेआठ वाजलेले असतील. तुम्ही साडेसातपासून वाट बघून मुलगी गैरहजर म्हणून उठून गेलात, तर तास तिने बुडवला असं म्हणता येणार नाही. मार्चमध्ये उलटं होतं, ते वाट बघत बसतात आणि तुम्ही तासभर उशिरा पोचता. म्हणून त्यांच्यासाठी नियमात वेळ कुणाच्या घड्याळाची धरायची ते लिहा आणि या दोन रविवारांच्या आधीच्या आठवड्यात आठवण पाठवा. बदलाच्या पहिल्या तासाला कुणाचीही चूक झाली तरी तो भरून द्या.

नणंदेचा भाग अवघड आहे, आणि तुम्ही पत्रात त्यावर एकच ओळ लिहिलीत यावरून तोच जास्त सलतो आहे असं वाटतं. घरच्या माणसाला सवलत द्यावी, जरूर द्यावी. पण सवलत दरात द्या, नियमात नको. तिच्या दोन मुलांचे महिन्याला ३२०० होतात, तिला २४०० सांगा. किंवा एका मुलाचं काहीच घेऊ नका. पण जे ठरेल ते बाकीच्यांसारखंच महिन्याच्या सुरुवातीला, आणि तास बुडला तर तोच नियम. दरातली सवलत एकदाच द्यावी लागते, ती दिसते आणि तिचं नाव राहतं. नियमातली सवलत दर आठवड्याला द्यावी लागते, ती कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि मनात मात्र साचत जाते. गौरी-गणपतीला एका पंगतीत बसायचं आहे तुम्हाला. त्या पंगतीत चारशे रुपयांचा हिशेब मनात नको. हे व्हॉट्सॲपवर लिहू नका, फोन करा. "घरचंच आहे म्हणूनच स्पष्ट बोलते" असं म्हणून सुरुवात करा. आणि मुलांच्या गणिताबद्दल आधी बोला, पैशांबद्दल नंतर.

दाभोळच्या मुलाबद्दल तुम्ही जास्त काही लिहिलं नाही. पण खाडीपलीकडचं घर मासेमारीवर असेल, तर त्याचा विचार वेगळा करायला हवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, बोटी किनाऱ्याला लागलेल्या असतात आणि घरात रोख पैसा नसतो. नेमकं त्याच वेळी शाळा सुरू होते, वह्या-पुस्तकं, दप्तर, छत्री, सगळा खर्च एकदम येतो. अशा घराला जून-जुलैची फी सप्टेंबरनंतर थोडी थोडी द्या म्हणून सांगता येईल. आणि घरात एकच स्मार्टफोन असेल आणि तो वडिलांबरोबर बोटीवर जात असेल, तर तो तास मुलाने बुडवलेला नाही. फोन घरी कधी असतो ते विचारा आणि तासाची वेळ त्यावर बेता. हे सगळं करून तुमच्या महिन्याच्या कमाईत फार फरक पडणार नाही. त्या मुलाच्या दहावीत मात्र पडेल.

पुढे कधी एखाद्या शिकवणी कंपनीच्या ॲपवरून शिकवण्याची वेळ आली, तर तिथे नियम तुमचा नसतो, कंपनीचा असतो. मूल आलं नाही तर काय मिळेल हे सही करण्याआधी वाचा. किती मिनिटं वर्गात थांबलं तर पैसे मिळतात तेही बघा, तेवढी मिनिटं थांबून पडद्याचा फोटो काढून ठेवा. काहीच मिळत नसेल तर त्या ॲपवर कमी तास ठेवा.

३२०० रुपयांची थकबाकी आणि मागचे बुडालेले तास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकात मिसळू नका. मागे जे तास बुडाले त्यांचे पैसे आता मागू नका. तेव्हा नियम सांगितलेला नव्हता, आणि पालकांनी प्रचलित रीतीनेच पैसे दिले. जे तास झाले त्यांचे ३२०० मात्र पूर्ण मागा. तारखा लिहून पाठवा, कोणत्या दिवशी कोणता धडा झाला तेही लिहा, आणि दोन हप्त्यांत दिले तरी चालतील असं सांगा. तरीही आले नाहीत, तर नव्या वर्षात त्या घराचा तास धरू नका. मुलाला वर्षाच्या मध्यात तोडणं मला योग्य वाटत नाही, विशेषतः दहावीच्या. पण जूनमध्ये नवी सुरुवात करताना नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

कायदाही थोडा माहीत असू द्या, धमकी द्यायला नव्हे, स्वतःच्या खात्रीसाठी. १८७२च्या भारतीय करार कायद्यात तोंडी ठरलेला करारही करारच असतो, पण सिद्ध करताना लेखी निरोप कामाला येतो. त्याच कायद्याचं ५३वं कलम सांगतं, की दोघांनी एकमेकांना वचन दिलं असेल आणि एकाने दुसऱ्याला त्याचं काम करूच दिलं नाही, तर अडवल्या गेलेल्याला नुकसानभरपाई मिळण्याचा हक्क आहे. तिथलं उदाहरणच असं आहे, की कामाला तयार असलेल्या माणसाला काम करू दिलं नाही. आणि ७४वं कलम सांगतं, की करार मोडल्याबद्दल रक्कम आधी ठरवली असली तरी न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देतं, ठरलेल्या रकमेच्या वर नाही. म्हणून "न सांगता राहिल्यास दुप्पट फी" असलं काही लिहू नका. ते कायद्यात टिकणं कठीण आणि माणसांतही शोभत नाही. राखलेल्या तासाची फी तेवढी घ्या. ३२०० रुपयांसाठी कोर्टाची पायरी चढायला मी सांगणार नाही, येण्याजाण्यातच तेवढे जातील.

पालकांना पाठवायचा मजकूर खाली देते, तुमच्या शब्दांत बदलून घ्या.

"नमस्कार. जूनपासून गणिताच्या तासांची फी महिन्याला १६०० रुपये राहील, ती ५ तारखेपर्यंत पाठवावी ही विनंती. वर्षात ४४ तास होतील. मे महिना, गणपतीचे दोन आठवडे, दिवाळी आणि शिमग्याचा एकेक आठवडा सुट्टी, तारखा सोबत आहेत. तास चुकणार असेल तर २४ तास आधी कळवा, तो महिन्यातल्या दोन ठरलेल्या रविवारी भरून देईन. नंतर कळवल्यास तास झाला असं धरलं जाईल, त्या दिवशीची उदाहरणं आणि वहीवरचा अभिप्राय मात्र पाठवेन. अचानक आजारपणासाठी वर्षाला दोन तास सूट आहे. माझ्याकडची वीज किंवा नेटवर्क गेल्याने तास बुडला तर तो तुमच्या सोयीने भरून देईन किंवा ४०० रुपये वजा करेन. काही शंका असल्यास रविवारपर्यंत फोन करा."

यापेक्षा लांब लिहू नका आणि माफीचे शब्द घालू नका. फीची रीत का बदलली, महागाई किती, घरात खर्च काय, हे काही सांगायचं कारण नाही. एखाद-दुसरं घर सोडून जाईल, त्याची तयारी ठेवा. १२ पैकी दोन गेली तरी १० मुलांचे पूर्ण दराने १६,००० होतात, गेल्या महिन्यापेक्षा १६०० जास्त, आणि आठवड्याला दोन तास मोकळे राहतात. त्यात नवीन मुलं घेता येतील.

मजकूर एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पाठवा, परीक्षा संपून सुट्टी जवळ आलेली असते आणि पालकांना विचार करायला महिना मिळतो. त्याच्या आदल्या दिवशी नणंदेला फोन करा. तिला हे ग्रुपवर वाचून कळता कामा नये.